मुलांचे नवे गणित आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला 'मुलांचे संगोपन' ह्या विषयावर बोलावयास सांगितले होते. तो विषय एवढा मोठा आहे की मुलाच्या दुधाच्या दातापासून मुलीच्या लग्नापर्यंत सारे त्यात येईल, आणि तोवर चहा थंड होईल. म्हणून त्यातला एक लहानसा कोपरा मी धरते. संध्याकाळी दिवेलागणीनंतर, पोळ्या चालू असताना, आपल्या पुष्कळ घरांत एक भांडण ऐकू येते. मूल वही घेऊन ओट्याशी येते. आई म्हणते, "हे असं काय मांडलंस? आम्ही असं नव्हतो करत." मूल म्हणते, "आमच्या बाईंनी असंच शिकवलंय." आजी मधेच म्हणते, "हाई काय नवीनच काढं?" वडील मोबाइलवरून मान वर करून म्हणतात, "उत्तर आलं ना? मग झालं." मग एखादा रपाटा, थोडे रडे, आणि गणित तिथेच राहते. ह्या भांडणाविषयी मला बोलावयाचे आहे.

मी ३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत प्राथमिक शिक्षिका होते. पहिली काही वर्षे वर सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात. पुढे नंदुरबारच्या आसपास. तेव्हा हे भांडण मी शाळेच्या बाजूने ऐकले, आणि आता नातवंडांच्या निमित्ताने घरातून ऐकते. दोन्हीकडून ऐकल्यावर मला जे वाटते ते सांगते. पटेल तेवढे घ्या.

गणित शिकविण्याची पद्धत बदलते ही तक्रार आपल्या पिढीची एकटीची आहे असे समजू नका. माझी आई नंदुरबारातच मराठी चौथीपर्यंत शिकली. तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यातल्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सारे तोंडपाठ होते. आपल्यातल्या तरुण मुलींना औटकी म्हणजे काय हेही सांगावे लागेल: औट म्हणजे साडेतीन, आणि औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. पावणेतीन आणे शेराची डाळ साडेचार शेर घेतली तर किती झाले, हे ती भाजी निवडता निवडता सांगे. बारा आणे दीड पैसा. तुम्ही हवे तर घरी जाऊन पडताळा पाहा.

हे पाढे त्या काळी कशासाठी होते? रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पया तीन. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. असल्या मापांत पाव, अर्धा, पाऊण आल्यावाचून एकही हिशेब सरत नसे. त्या संसाराला ते गणित लागत होते, म्हणून शाळा ते शिकवीत होती. मग १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो आणि ग्रॅम आले. एका वर्षात नाही, पण काही वर्षांत औटकी शाळेतून निघून गेली.

त्या दिवसांची एक गोष्ट आई पुढे पुष्कळदा सांगे. सरकारी कोष्टकाप्रमाणे एक आण्याचे नवे पैसे सहा धरावयाचे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. आता एकेक आण्याची वस्तू चारदा घेतली तर चोवीस नवे पैसे पडत, आणि एकदम चार आण्यांची घेतली तर पंचवीस. बाजारात ह्या एका पैशावरून रोज कज्जे होत. आईच्या वडिलांनी तर हे गणितच खोटे आहे असा निकाल दिला होता. ते खोटे नव्हते. सोळा हे माप शंभरात नीट बसत नाही, एवढेच त्यात होते. पण चांगले हिशेबी म्हातारे आणि म्हाताऱ्या त्या वेळी हताश झाल्या, आणि शाळेत जाणारी दहा वर्षांची पोरे त्यांना सुटे मोजून देऊ लागली. आपल्याला येत असलेले एकाएकी निरुपयोगी झाले की माणसाला राग येतो. ओट्यापाशी आपल्याला येतो तो राग त्याच जातीचा आहे, आणि तो मी समजू शकते.

आता आपल्या काळातल्या बदलाकडे येते. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक आले आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला, तो तुम्हां सर्वांना आठवत असेल. त्यात एकवीस ही संख्या 'वीस एक', बावीस ही 'वीस दोन' अशीही वाचावयास सांगितली होती. वर्तमानपत्रांत व्यंगचित्रे आली, मोबाइलवर विनोद फिरले, विधानसभेत प्रश्न निघाला आणि शासनाला खुलासा करावा लागला. मराठी भाषा बुडाली, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. मात्र त्यातल्या किती जणांनी ते पान उघडून पाहिले होते कोण जाणे. पुस्तकातून जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. दोन्ही वाचने दिलेली होती.

बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा त्या वेळी डॉ. मंगला नारळीकर होत्या. आपल्यासारख्याच प्रपंचाच्या बाई. संसार आणि मुली सांभाळून, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली होती, आणि लहान मुलांना गणित गोडीने कसे शिकवावे ह्याचा ध्यास घेतला होता. २०२३ च्या जुलैमध्ये पुण्याला त्या वारल्या. त्यांनी त्या वेळी जी कारणे सांगितली ती साधी होती. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा आधी पाच बोलतो आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन आणि मग पाच. कानाने ऐकले त्याच्या उलट हाताने लिहावयाचे. शिवाय नावांत जोडाक्षरे फार.

शिक्षिका म्हणून माझा अनुभव हेच सांगतो. 'पंचवीस लिही' म्हटले की वर्गातली चार तरी मुले ५२ लिहीत. 'एकोणतीस' हा तर मोठाच घोळ. ऐकू येतो तीस, त्यात एकही ऐकू येतो. मूल ३१ लिहिते, आणि आपण त्याला बेअक्कल म्हणतो. आणि दोन ह्या अंकाची आपल्या भाषेत किती सोंगे आहेत ती मोजा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. कुठे बा, कुठे ब, कुठे बे, कुठे ब्या. आपण हे पाळण्यात असल्यापासून ऐकले म्हणून आपल्याला त्यात काही वाटत नाही. पण धडगावच्या डोंगरातले पावरी बोलणारे मूल सहाव्या वर्षी शाळेत येते, तेव्हा मराठीच त्याला नवी असते. त्याने शंभरपर्यंत जवळजवळ शंभर वेगवेगळे शब्द पाठ करावयाचे आणि वर ते उलटे लिहावयाचे. 'साठ तीन' त्याच्या हाताशी लवकर येते. तिथून 'त्रेसष्ट' वर न्यावयास मग वेळ लागत नाही. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातली सुमारे ६९ माणसे आदिवासी आहेत. पुस्तक पुण्यात होते, पण त्याचा उपयोग कुणाला अधिक, हे ओळखावयास आपल्याइतकी चांगली जागा दुसरी नसेल.

हा बदल फक्त आपल्याकडेच सुचला असेही नाही. नॉर्वे नावाच्या थंड देशात लोक आपल्यासारखेच 'एक आणि वीस' असे म्हणत. टेलिफोनचे आकडे सांगताना घोटाळे फार होऊ लागले, तेव्हा १९५१ साली त्यांच्या सरकारने 'वीस एक' असे म्हणावयाचे ठरविले. शाळांतून तसे शिकवू लागले. आणि गंमत अशी, की आज इतक्या वर्षांनीही तिथे दोन्ही तऱ्हा कानी पडतात, आणि कुणाचे काही अडत नाही. इंग्रजीत तर विसाच्या पुढे दशक आधी आहेच, आपल्या दक्षिणेकडच्या कानडी आणि तमिळमध्येही आहे. सेमी इंग्रजी शाळेत जाणारी आपली नातवंडे सकाळी 'ट्वेंटी फाइव्ह' म्हणतात आणि दुपारी आजीकडून 'पंचवीस' ऐकतात. त्या इंग्रजीवर कुणी मोर्चा काढलेला मी पाहिला नाही.

आणि आपल्या घरातलेच सांगू? आपल्या आज्या वय कसे सांगत? "तीन विसा आणि पाच." अंडी, आंबे, भाकऱ्या, शेणाच्या गोवऱ्या, सारे विसाच्या हिशेबाने. बाजाराच्या दिवशी डोंगरातून खाली येणाऱ्या म्हाताऱ्या आजही विसावर मोजताना मी पाहते. आधी मोठा गठ्ठा, मग वरचे सुटे. शाळा कधी न पाहिलेल्या बाईची ही मोजणी आणि नव्या पुस्तकातली 'वीस एक' ही मोजणी, दोघी सख्ख्या बहिणी आहेत. फक्त एकीच्या अंगावर छापील लुगडे आहे.

विरोध करणाऱ्यांचे सगळेच चुकले असेही मी म्हणणार नाही. बाजारात पंचवीस हाच शब्द चालतो, आणि मुलाला तो चटकन कळला पाहिजे. 'वीस पाच' ही चढावयाची पायरी आहे. पायरीवरच बसून राहिलेले मूल मात्र वर पोहोचत नाही. ज्या शाळेत पायरी दिली आणि पुढे नेले नाही, त्या शाळेला आपण विचारले पाहिजे. त्यावर पुढे येते.

त्याआधी तुम्हांला एक वजाबाकी दाखवावयाची आहे. फळा आणलेला आहेच. ५२ मधून २७ वजा करा. माझ्या वयाच्या बायका असे म्हणतील: "दोनातून सात जात नाहीत, वरच्या दोनाला दहा दिले, बारा, बारातून सात गेले, पाच. खालच्या दोनाला एक दिला, तीन. पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस." बरोबर. आता तिसरीतली नात काय म्हणेल? "पाच दशकांतला एक दशक सुटा केला. राहिले चार दशक आणि बारा एकक. बारातून सात गेले, पाच; चारातून दोन गेले, दोन. पंचवीस." हेही बरोबर. आपण खालच्याला एक वाढवितो, ती वरच्यातला एक कमी करते.

एक मुलगी मला आठवते. हुशार होती, पण तिची अशी वजाबाकी दर वेळी पंधरा येई. मी तिला माझ्यासमोर करावयास सांगितले. तिने शाळेत सांगितल्याप्रमाणे वरच्या पाचाचे चार केले, आणि घरी आजीने सांगितल्याप्रमाणे खालच्या दोनाचे तीन केले. चारातून तीन गेले, एक. पंधरा! पोरीने कुणाचे मन मोडले नव्हते. बाईंचेही ऐकले, आजीचेही ऐकले, आणि दोघींचे ऐकून उत्तर चुकले. घरी तिला वाटे की शाळेत आपल्याला काही कळत नाही, आणि शाळेत वाटे की घरी आपल्याला वेंधळी म्हणतात. ती हळूहळू वही लपवू लागली होती. आजीला मी शाळेत बोलाविले. आजी तिखट होती. म्हणाली, "माझी रीत खोटी आहे का?" मी म्हटले, "आजी, तुमची रीत सोळा आणे खरी. पण दोन तव्यांवर एक भाकरी भाजू नका." तेव्हा कुठे ती हसली. पुढचे दोन महिने तिने नातीला काही शिकविले नाही, फक्त समोर बसवून करवून घेतले. पंधराचे पंचवीस झाले.

ह्यात माझे जे काही सांगणे आहे ते आले. मुलाने पद्धत घट्ट केलेली नसते तोवर घरी दुसरी पद्धत शिकवू नये. एक पक्की झाल्यावर मग खुशाल आपली दाखवावी. तेव्हा मुलाला त्याची मौज वाटते. "आजी, तुझंही पंचवीसच आलं!" म्हणून ते टाळ्या पिटते. दोन वाटांनी एकाच गावी जाता येते हे कळणे म्हणजेच गणित कळणे. पण त्याला पहिली वाट तरी पायाखालची हवी.

आणि शिकवावयाचे नाही तर करावयाचे काय? विचारावयाचे. "तू हे कसं केलंस ते मला सांग." एवढे एक वाक्य. पोळी लाटता लाटता म्हणता येते. त्याला आपण शिकलेल्या असण्याची गरज नाही, इंग्रजी येण्याची नाही, शिकवणीचे पैसेही लागत नाहीत. मूल सांगू लागते, आणि सांगता सांगता चुकले असेल तिथे बहुधा स्वतःच अडखळते. "थांब, थांब, माझं चुकलं" म्हणते आणि पळते. उत्तर बरोबर आले तरी विचारा. उत्तर शेजारच्या वहीतूनही येते, आणि हल्ली मोबाइललाही येते. 'कसे' मात्र ज्याचे त्याला सांगावे लागते.

इथे काही बहिणी मनात म्हणत असतील की आम्ही दुसरी-तिसरीतच शाळा सोडली, आम्हांला पोर काय सांगणार आणि आम्हांला काय कळणार. २०११ मध्ये महाराष्ट्रात शंभरात ८२ माणसे साक्षर होती तेव्हा आपल्या जिल्ह्यात सुमारे ६४ होती, आणि बायकांचा आकडा त्याहूनही खाली होता. म्हणजे माझा हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही. म्हणून एका बाईची हकीकत सांगते; तिचे नाव घेत नाही.

आपल्याकडे मिरचीचा हंगाम आला की गावाबाहेर लाल मिरचीच्या पथाऱ्या पडतात, हे मी तुम्हांला सांगावयास नको. ही बाई देठ खुडावयास जात असे, मजुरी किलोवर. तिची मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात. गुणाकार आला की तिचे डोळे भरत. मी आईला बोलावले. ती दाराशीच उभी राहिली, म्हणाली, "बाई, मी अडाणी. मला गणितातलं काय विचारता?" मी विचारले, काल किती खुडले? अठरा किलो. किलोला काय देतात? सहा रुपये. मग किती झाले? तिने क्षणभर छताकडे पाहिले आणि म्हणाली, "दहाचे साठ. आठाचे अठ्ठेचाळीस. एकशे आठ. मुनीम अठ्ठ्याण्णव देत होता, मी उभी राहिले, घेऊनच आले." मुलगी आईकडे पाहतच राहिली. कारण पुस्तकात त्या दिवशी तेच होते: अठराचे दहा आणि आठ करा, दोन्हीला सहाने गुणा, मग बेरीज करा. ज्याला आपण 'अठरा सक अष्टोदरशे' म्हणून एका दमात मोकळ्या होतो, ते ही बाई फोडून करीत होती, आणि नवे पुस्तकही फोडूनच करावयास सांगत होते. ते दहा रुपये तिने मुनिमाकडून सोडविले ते ह्याच गणिताने.

त्या दिवसापासून ती मुलगी रोज संध्याकाळी आईला मजुरीचा हिशेब विचारी आणि वहीत लिहून ठेवी. दर शनिवारी आईच तिला विचारी, "आठवड्याचे किती झाले?" मी वर्गात वेगळे काही केले नाही.

भगिनींनो, मला खरी काळजी ह्या मुलींची आहे. मुलगा गणितात मागे पडला तर आपण शिकवणी लावतो. मुलगी मागे पडली तर "मुलींना गणित जमत नाहीच" म्हणून मोकळ्या होतो, आणि तेही तिच्या देखत म्हणतो. आणखी एक वाक्य आपल्या तोंडी फार असते: "मलाही गणित कधी आलं नाही." बाई लाडाने म्हणते, मुलीला सुटका मिळाल्यासारखे वाटते, आणि ती गणित सोडून देते. जी बाई बचत गटाचे शेकडा दोनाचे व्याज तोंडी सांगते, बारशाला ऐंशी माणसांचा शिरा मापात करते, चार वार कापडातून दोन परकर बेतते, तिने आपल्याला गणित येत नाही असे म्हणणे ही थापच आहे. निदान मुलीसमोर ती मारू नये.

आता शाळेविषयी. नवे ते सारे चांगले असे मी मानीत नाही. मण्यांची माळ, काड्यांचे दहाचे गठ्ठे, संख्यारेषा ही साधने उत्तम आहेत, आणि गठ्ठे बांधण्यापुरत्या काड्या आपल्या अंगणातही पडलेल्या असतात. दुकानदार सुटे परत करताना सत्तावीसपासून तीस, तिसापासून पन्नास, वर दोन, असे मोजीत पंचवीस हातावर ठेवतो. संख्यारेषा म्हणजे तीच रीत कागदावर. पण 'प्रकल्प' म्हणून रात्री दहा वाजता आईला थर्माकोल कापावयास लावणे ह्यात मुलाचे गणित कुठे आले? आणि कृती पुष्कळ, सराव मुळीच नाही, असेही काही ठिकाणी होते. पद्धत समजली तरी हात बसण्यासाठी पंचवीस-तीस उदाहरणे करावीच लागतात. स्वयंपाक नुसता पाहून कुणाला आला आहे?

हे शाळेला विचारावयाचा तुम्हांला अधिकार आहे. शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा आहे, त्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आपल्यातल्या काहीजणी तिच्यावर आहेत. सभेत काय बोलणे होते ते मी पुष्कळ वर्षे ऐकले आहे: खिचडी, गणवेश, पाण्याची टाकी, कुंपण. ते सारे हवेच. पण एकदा तरी गुरुजींना म्हणा, "ह्या वर्षी वजाबाकी कशी शिकवणार ते आम्हांला फळ्यावर करून दाखवा." अर्धा तास पुरतो. कोणताही चांगला शिक्षक हे आनंदाने करील, आणि नाखुशीने करणाऱ्याने तर ते जरूर करावे. मात्र जे विचारावयाचे ते शाळेत जाऊन विचारा. मुलासमोर "तुझ्या बाईंना काही येत नाही" असे म्हणू नका. ज्या बाईला काही येत नाही असे आईने सांगितले, तिच्याकडून मूल दुसऱ्या दिवशी काय शिकेल?

उसाच्या तोडणीला जी कुटुंबे गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात उतरतात, त्यांच्या मुलांचे हाल ह्या बाबतीत सर्वांत अधिक होतात. दिवाळीपर्यंत एक पद्धत, मग चार-पाच महिने काहीच नाही, किंवा दुसऱ्या भाषेतले अंक. परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला. आपल्या शेजारी असे एखादे मूल असेल तर सुट्टीत आपल्या मुलाबरोबर त्यालाही बसवून घ्या. आपल्या मुलाने त्याला समजावून सांगितले तर आपल्याही मुलाचे पक्के होते. ह्यात परोपकारही आहे आणि स्वार्थही.

भाषण ठरल्यापासून तिघीचौघींनी मला एकच प्रश्न विचारला, त्याचे उत्तर देऊन मी बसते. प्रश्न असा: नव्या गणितात पाढे पाठ करावयाचे की नाहीत, आणि कुठपर्यंत? करावयाचे. बे ते दहा न अडखळता, वीसपर्यंत सावकाश का होईना. पण पाठ करविण्याआधी एकदा दोन-दोन वाटाण्यांच्या ढिगल्या मांडून बे त्रिक सहा हे डोळ्यांनी दाखवावे, आणि पाठ झाल्यावर मधूनच विचारावे, "सात पंचे विसरलास तर कसा काढशील?" सात चोक अठ्ठावीस आणि वर सात, असे मुलाने म्हटले की पाढा त्याचा झाला. तिसाचा पाढा नको. औटकीही नको, ती आईबरोबर गेली. दिडकी आणि अडीचकी मात्र शिकवा, कारण आपण अजून दीड किलो साखर आणि अडीच मीटर कापडच मागतो, आणि दुकानदाराचे यंत्र वीज गेली की बंद पडते.